विश्लेषण : लिलावातील ‘स्वस्त’ जागेची तपासणी शे-दीडशे रुपयांत कशी कराल? शहापूर-मुरबाडमध्ये कोणत्या नोंदी महत्त्वाच्या?

बँकेने जप्त केलेले घर किंवा भूखंड बाजारभावापेक्षा कमी किमतीत मिळतो, या आशेने मुंबई, ठाणे, कल्याणचे अनेक जण शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील लिलावांकडे वळतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यावर शहापूर तालुक्यातील जमिनींबाबतची उत्सुकता आणखी वाढली. मात्र लिलावाच्या जाहिरातीत जे छापलेले असते, त्यापेक्षा जे छापलेले नसते ते अधिक महाग पडू शकते. न छापलेली यातली बरीचशी माहिती सरकारी संकेतस्थळांवर फुकट किंवा पंधरा-पंधरा रुपयांत मिळते. ती कोणत्या क्रमाने शोधायची आणि कुठे थांबायचे, याचा हा आढावा.

मालमत्ता लिलावात येते कशी?

कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर ‘सरफेसी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २००२ च्या कायद्यानुसार बँक कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस देते. पैसे न भरल्यास तारण मालमत्तेचा ताबा घेतला जातो आणि पुढे लिलाव होतो. यासाठी बँकेला दिवाणी न्यायालयात जावे लागत नाही. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले.

पतसंस्थांचा मार्ग वेगळा आहे. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवतात आणि कलम १५६ व नियम १०७ नुसार मालमत्तेची विक्री करतात. या विक्रीनंतरही ३० दिवसांच्या आत थकबाकी आणि खरेदी रकमेच्या पाच टक्के रक्कम भरून विक्री रद्द करण्याचा अर्ज करता येतो. त्यामुळे जाहिरात हाती आली की सर्वात आधी ती कोणत्या कायद्याखालची आहे ते पाहावे. पैसे भरण्याची मुदत, कर्जदाराचे हक्क आणि दाद मागण्याचे ठिकाण हे सगळे त्यावर ठरते.

सरकारी बँकांच्या मालमत्ता जानेवारी २०२५ पासून ‘बँकनेट’ या एकत्रित पोर्टलवर पाहता येतात. खासगी बँका, गृहवित्त कंपन्या आणि सहकारी बँकांच्या जाहिराती मात्र त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर आणि वर्तमानपत्रांत शोधाव्या लागतात.

‘जसे आहे, जेथे आहे’ याचा अर्थ काय?

जवळपास प्रत्येक जाहिरातीत ‘जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे, जे काही आहे’ अशा शब्दांची माळ असते. मालमत्तेची अवस्था, हद्द, थकबाकी, वाद यांची खातरजमा बोली लावणाऱ्याने स्वतः करायची आहे, असा याचा सरळ अर्थ. नियमानुसार बँकेने जाहिरातीत मालमत्तेवरील बोजे नमूद करायचे असतात, पण ते ‘बँकेला ज्ञात असलेले’. म्हणून ‘ज्ञात बोजा : काही नाही’ या ओळीचा अर्थ ‘बोजा नाही’ असा होत नाही. बँकेला तो ठाऊक नाही, एवढेच त्यातून कळते.

विजेच्या थकबाकीचे उदाहरण बोलके आहे. लिलावात घेतलेल्या जागेवर आधीच्या मालकाची वीजबिले थकलेली असतील तर नव्या जोडणीसाठी ती भरण्याची अट वीज कंपनी नियमांच्या आधारे घालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये केरळ वीज मंडळाशी संबंधित के. सी. निनान प्रकरणात म्हटले. ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर खरेदी करणाऱ्याने आधीच चौकशी करणे अपेक्षित आहे, हा त्यातील मुद्दा होता.

तपासणीसाठी वेळ किती आणि चूक झाल्यास नुकसान किती?

सरफेसीतील पहिल्या लिलावाला जाहिरातीपासून किमान ३० दिवसांची मुदत असते. तो फसला आणि पुन्हा लिलाव ठेवला तर १५ दिवसांची नोटीस पुरते. राखीव किंमत कमी झालेल्या, म्हणजेच सर्वाधिक गिऱ्हाइके ओढणाऱ्या फेरलिलावात तपासणीसाठी प्रत्यक्षात दोनच आठवडे हाती असतात. माहिती अधिकारातील अर्जाला उत्तर देण्याची मुदतच ३० दिवसांची असल्याने त्या मार्गावर विसंबून राहता येत नाही.

बोली मान्य झाली की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी इसारा रकमेसह एकूण २५ टक्के रक्कम भरावी लागते. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत भरायचे असतात. लेखी संमतीने ही मुदत वाढू शकते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. २० लाखांची बोली असेल तर लगेच पाच लाख आणि नंतर १५ लाख, असा हा हिशेब. मुदत चुकली तर भरलेली रक्कम जप्त होते. सेंट्रल बँक विरुद्ध षण्मुगवेलू या प्रकरणात खरेदीदाराची सुमारे तीन कोटी सहा लाखांची २५ टक्के ठेव जप्त करण्याची बँकेची कारवाई सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये योग्य ठरवली. ‘कर्ज मंजूर झाल्यावर उरलेले भरू’ असा विचार असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेकडून आधी लेखी होकार घ्यायला हवा. ताबा केवळ कागदोपत्री असेल तर कर्ज मिळणे अवघड जाते.

पहिली चाळणी : घरबसल्या फुकट काय पाहता येते?

वकील किंवा दलालाकडे जाण्याआधी एका संध्याकाळीच अनेक मालमत्ता यादीतून बाद करता येतात. त्यासाठी जाहिरातीतील गावाचे नाव, गट किंवा सर्व्हे क्रमांक, हिस्सा क्रमांक आणि कर्जदाराचे नाव एवढे पुरते.

१. भूलेख : या संकेतस्थळावर सातबारा विनाशुल्क पाहता येतो. हा उतारा केवळ माहितीसाठी असतो, पण जाहिरातीतील गट क्रमांक, क्षेत्र आणि नाव जुळते का, हे त्यावरून कळते. इथेच तफावत दिसली तर बँकेला लेखी विचारावे.

२. महाभूनकाशा : गावाच्या नकाशावर गटाचा आकार, शेजारचे गट आणि रस्ता दिसतो. गटाला कुठल्याही बाजूने रस्ता लागत नसेल तर किंमत कितीही कमी असली तरी सावध व्हावे. हाच तुकडा उपग्रह छायाचित्रांत शोधून जुन्या वर्षांची चित्रेही पाहावीत. झाडी, ओढा, खाण, अतिक्रमण यांचा अंदाज येतो.

३. नोंदणी विभागाची मोफत शोध सेवा : गाव, वर्ष आणि गट क्रमांक टाकल्यास त्या मिळकतीच्या दस्तांची सूची क्रमांक दोन दिसते. वर्षे एकेक करून तपासावी लागतात, त्यामुळे काम कंटाळवाणे असले तरी आधीची विक्री, गहाणखत, भाडेकरार, विकसन करारनामा यांचा माग लागतो. त्याच विभागाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यात, म्हणजे रेडी रेकनरमध्ये, सरकारी दरही विनाशुल्क दिसतो.

४. न्यायालये : ई-कोर्ट सेवेत कर्जदाराच्या नावाने शहापूर, मुरबाड, कल्याण आणि ठाण्याच्या न्यायालयांतील दावे शोधता येतात. कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर बँक आणि कर्जदाराचे नाव टाकून पाहावे. प्रांत, तहसीलदार यांच्यासमोरील महसुली अपिले ‘ई-क्यूजे कोर्ट’ या प्रणालीत सापडतात.

५. आपली चावडी : गावातील प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा इथे दिसतात. सातबाऱ्यावर अजून न चढलेला वारस किंवा नुकताच झालेला व्यवहार यावरून कळू शकतो.

नावाने शोधताना स्पेलिंगच्या दोन-तीन तऱ्हा करून पाहाव्यात. ‘नोंद सापडली नाही’ याचा अर्थ वाद नाही असा घेऊ नये.

सातबाऱ्यावरील कोणत्या नोंदी व्यवहारच थांबवू शकतात?

शहापूर-मुरबाडमध्ये सातबाऱ्याच्या वरच्या भागातील ‘भूधारणा पद्धती’ आणि उजवीकडचा ‘इतर अधिकार’ हे दोन रकाने किमतीपेक्षा महत्त्वाचे आहेत.

आदिवासी खातेदार : शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. याचा अर्थ तिथली प्रत्येक जमीन विकता येत नाही असा नाही. बंधन खातेदार आदिवासी आहे का यावरून ठरते आणि ते अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला राज्य शासनाच्या पूर्वमान्यतेसह जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. न्यायालयाच्या हुकूमनाम्यातून किंवा न्यायाधिकरणाच्या आदेशातून होणारी विक्रीही या बंधनात येते, हे कलमातच लिहिलेले आहे. आताचा मालक बिगर-आदिवासी असला तरी जुने फेरफार पाहणे आवश्यक आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून गेलेल्या जमिनी परत करण्यासाठी १९७४ चा स्वतंत्र कायदा आहे.

भोगवटादार वर्ग-२ आणि कुळकायदा : वर्ग-२ म्हणजे शासनाच्या अटींवर दिलेली जमीन. ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ ही नोंद कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर असते. अशा जमिनीच्या हस्तांतरासाठी परवानगी घ्यावी किंवा ठरावीक रक्कम शासनजमा करावी लागू शकते. तो खर्च कुणाचा, हे जाहिरातीत बहुधा नसते.

वन : ‘राखीव वन’, ‘खासगी वन’, ‘वन कायदा कलम ३५’ यांपैकी कुठलाही शब्द दिसला की थांबावे. महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून अशा जमिनी शासनाकडे निहित झाल्या आणि त्यावरून अजूनही वाद सुरू आहेत. विक्रोळीच्या जमिनीबाबत गोदरेज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जमीनधारकांच्या बाजूने निकाल दिला, पण तिथवर पोहोचायला किती वर्षे आणि किती पैसा लागतो, हे सामान्य खरेदीदाराने लक्षात घ्यावे. तानसा अभयारण्य, धरणे आणि डोंगराळ वरकस जमिनी असलेल्या या पट्ट्यात ही शक्यता दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

भूसंपादन आणि पुनर्वसन : महामार्ग, धरण, कालवा यांसाठीच्या संपादनाची किंवा पुनर्वसनासाठी हस्तांतर-बंदीची नोंद असेल तर नेमके किती क्षेत्र उरते, हे पाहावे.

सामाईक क्षेत्र : एका गटात अनेक नावे असतील तर कर्जदाराचा नेमका हिस्सा कोणता, हे सातबारा सांगत नाही. फार्महाऊस म्हणून एका गटाचे तुकडे अनेकांना विकलेल्या ठिकाणी ही अडचण हमखास येते. बोली लावणाऱ्याला कुंपण दिसते, पण कागदावर मिळतो तो अविभक्त हिस्सा.

शेतजमीन लिलावात कुणालाही घेता येते का?

नाही. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला, खरेदीदार शेतकरी आहे का? महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ नुसार बिगर-शेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याखालची आणि महसूल थकबाकी वसुलीसाठीची विक्रीही त्यात येते. तेव्हा ‘लिलावात घेतली म्हणून चालते’ हा समज चुकीचा आहे. पतसंस्थांच्या वसुलीत शेतजमीन येऊ शकते, म्हणून तिथे हा प्रश्न आधी विचारायचा.

दुसरा प्रश्न बँकेच्या अधिकाराचा. सरफेसी कायद्याचे कलम ३१ (आय) शेतजमिनीवरील तारणाला या कायद्यातून वगळते. सातबाऱ्यावर जमीन शेतीची असेल तर कर्जदार याच मुद्द्यावर लिलावाला आव्हान देऊ शकतो. गोव्यातील ब्लू कोस्ट हॉटेल्स प्रकरणात तसेच झाले. २०१५ मध्ये आयटीसीने ५१५ कोटींहून अधिक रकमेला लिलावात घेतलेल्या हॉटेलच्या काही जमिनी शेतीच्या असल्याचा दावा झाला. केवळ महसुली नोंद पुरेशी नाही, प्रत्यक्ष वापर पाहावा लागेल, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला. निकाल अनुकूल असला तरी मध्ये तीन वर्षे गेली. म्हणून ‘एनए प्लॉट’ असा उल्लेख असेल तर बिनशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि त्यानुसार सातबाऱ्यावर झालेली नोंद या तिन्ही गोष्टी बँकेकडे मागाव्यात. दलालाच्या तोंडचा ‘एनए होणार आहे’ हा शब्द कागद नव्हे.

दुसरी चाळणी : पंधरा रुपयांचे उतारे कोणते घ्यावेत?

फुकटच्या तपासणीत मालमत्ता टिकली तरच खिशात हात घालावा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, आठ-अ आणि फेरफार प्रत्येकी १५ रुपयांत मिळतात. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांकांची ओळ असते. त्यांतील मालकी बदललेले, वारस नोंदवलेले आणि बोजा चढवलेले किंवा उतरवलेले फेरफार निवडून घ्यावेत. एक सातबारा, एक आठ-अ आणि सहा फेरफार यांचे मिळून १२० रुपये होतात.

त्याला जोड द्यावी ती ‘सरसाई’ या केंद्रीय तारण नोंदणीतील शोधाची. शुल्क दहा रुपये अधिक कर. एकाच मालमत्तेवर दुसऱ्या बँकेचेही तारण आहे का, हे त्यातून कळते. ही नोंद कराच्या थकबाकीबाबतही महत्त्वाची ठरते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात सरसाईत नोंदवलेल्या तारणाला करवसुलीपेक्षा प्राधान्य दिले. कर्जदार व्यापारी किंवा कारखानदार असेल तर विक्रीकर, जीएसटी, भविष्य निर्वाह निधी यांच्या जप्तीची नोंद ‘इतर अधिकार’ रकान्यात आहे का, हे जरूर पाहावे.

नावांतील एक साम्य नवख्याला फसवते. तलाठ्याकडचा ‘आठ-अ’ हा महसुली खात्याचा उतारा आहे, तर ग्रामपंचायतीचा ‘नमुना आठ’ हा घरपट्टीच्या आकारणीचा. गावातील घराच्या लिलावात पुष्कळदा नमुना आठच पुढे केला जातो. घरपट्टी कुणाच्या नावावर आहे, हे तो सांगतो. घराखालची जमीन कुणाची, हे त्यावरून सिद्ध होत नाही. घर गावठाणात आहे, खासगी गटात आहे की गुरचरणावर, हा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो.

गावात जाऊन काय पाहायचे?

कागद जुळले की एक फेरी मारावी, तीही कामकाजाच्या दिवशी. शनिवार-रविवारी सरकारी कार्यालये बंद असतात. शहापूर तालुक्यासाठी कसारा मार्गावरील वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्थानके, तर मुरबाडसाठी कल्याणहून एसटी असल्याने हा खर्चही मोठा नाही. बँकेने जाहिरातीत पाहणीची तारीख दिलेली असते. त्या दिवशी अधिकाऱ्यासोबत जावे आणि एकदा त्याच्याशिवाय.

तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडे गट दाखवून वाद किंवा प्रलंबित नोंद विचारावी. ग्रामपंचायतीत किंवा शहापूर-मुरबाड नगरपंचायतीत घरपट्टी, पाणीपट्टीची बाकी आणि बांधकाम परवानगी पाहावी. वीज मीटरवरील ग्राहक क्रमांक टिपून घेतल्यास थकबाकी महावितरणच्या संकेतस्थळावर पाहता येते. शेजारच्या दोन-तीन जणांशी बोलल्यावर रस्त्याचा वाद, भावकीतील वाटणी, पावसाळ्यात साचणारे पाणी अशा कागदावर नसलेल्या गोष्टी कळतात. बोली लावणारा मालक नसल्याने त्याला भूमी अभिलेखकडून मोजणी मागवता येत नाही. म्हणून महाभूनकाशाची प्रत आणि मोबाइलवरील स्थान यांच्या आधारे चारही बाजू चालून पाहणे, हाच स्वस्त पर्याय.

घरात कुटुंब राहत असेल तर संयमाने वागावे. त्यांच्यासाठी ही खरेदी-विक्री नसून बेघर होण्याची वेळ असते. ‘घर केव्हा सोडणार’ असे दटावण्याचा कुठलाही अधिकार बोली लावणाऱ्याला नाही. राहणारे कर्जदार आहेत की भाडेकरू, करार कधीचा आहे, बँकेशी तडजोड सुरू आहे का, एवढे समजले तरी पुरे.

सदनिका असेल तर आणखी काय?

वाशिंद, आसनगाव परिसरातील सदनिकांच्या बाबतीत महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे नाव टाकून नोंदणी, मंजूर नकाशे, पूर्णत्वाची तारीख आणि तक्रारी पाहाव्यात. मे २०१७ आधी पूर्ण झालेल्या इमारती तिथे सापडणार नाहीत. तिथे बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावे. सोसायटीच्या सचिवांकडे देखभाल खर्चाची बाकी विचारावी आणि शक्यतो लिहून घ्यावी. इमारतीखालची जमीन बिनशेती आहे का आणि तिच्यावर विकासकाचे वेगळे कर्ज आहे का, यासाठी पुन्हा सातबाराच उघडावा लागतो.

सांकेतिक ताबा आणि न्यायालयीन वाद किती जोखमीचे?

जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’ असेल तर बँकेने दारावर नोटीस लावली आहे, किल्ली तिच्याकडे नाही. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. हा आदेश झाला आहे का, झाला असल्यास तारीख काय, हे अधिकृत अधिकाऱ्याला ईमेलने विचारावे, म्हणजे उत्तर लेखी राहते. कर्जदाराला कलम १७ खाली ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते आणि न्यायाधिकरण ताबा परत देण्याचा आदेशही देऊ शकते. प्रलंबित दाव्यातील मालमत्ता घेणाऱ्यावर त्या दाव्याचा निकाल बंधनकारक राहतो.

ठाणे जिल्ह्यातीलच एक प्रकरण यासाठी पाहण्याजोगे आहे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील शिरवणे-कुकशेतचे भूखंड युनियन बँकेने लिलावात काढले. आधीचे लिलाव फसल्यानंतर जून २०२३ मध्ये सेलिर एलएलपीची १०५ कोटी पाच लाखांची बोली मान्य झाली. त्यानंतर कर्जदार बाफना मोटर्सने १२९ कोटी देऊन मालमत्ता सोडवण्याची तयारी दाखवली आणि उच्च न्यायालयाने तशी मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी ती रद्द केली. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होताच कर्जदाराचा मालमत्ता सोडवण्याचा हक्क संपतो, असे न्यायालयाने सांगितले. खरेदीदार जिंकला, पण गोष्ट तिथे संपली नाही. त्याला पुन्हा सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ताबा देण्याचे आदेश झाले. कायदा बाजूने असलेल्या, मोठ्या ताकदीच्या खरेदीदाराला एवढे थांबावे लागत असेल तर आयुष्यभराची बचत लावणाऱ्याने प्रतीक्षेचा काळ किमतीत धरायलाच हवा.

वकिलाचा खर्च केव्हा आणि बोलीची मर्यादा कशी ठरवायची?

तिन्ही चाळण्यांतून उरलेल्या एखाद-दुसऱ्या मालमत्तेसाठीच वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. आधी गोळा केलेले उतारे, फेरफार आणि सूची क्रमांक दोन त्यांच्या हाती दिल्यास काम लवकर होते. वकील स्थानिक महसुली नोंदींचा सराव असलेला असावा आणि लिलाव करणाऱ्या बँकेच्या पॅनेलवरचा नसावा. बँकेकडे तिचा स्वतःचा शोध अहवाल आणि मूल्यांकन अहवाल मागून पाहावा. मिळाला नाही तरी मागणी लेखी असावी.

मर्यादा ठरवताना राखीव किमतीकडे पाहू नये. त्याच गावातील अलीकडच्या नोंदणीकृत व्यवहारांची किंमत सूची क्रमांक दोनमधून काढावी. तीतून घरपट्टी, वीज, सोसायटी यांची बाकी, मुद्रांक शुल्क, एक टक्का पण कमाल ३० हजार रुपये इतके नोंदणी शुल्क, दुरुस्ती, वकील आणि ताबा मिळेपर्यंतचे व्याज वजा करावे. उरतो तो आकडा कागदावर लिहून ठेवावा आणि ऑनलाइन बोलीच्या शेवटच्या मिनिटांत तो ओलांडू नये. शेतजमीन नसलेल्या मालमत्तेची किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर एक टक्का टीडीएसचीही तजवीज लागते.

इसारा रक्कम फक्त जाहिरातीतील बँक खात्यात किंवा अधिकृत पोर्टलच्या वॉलेटमध्येच भरावी. ‘लिलावातील जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्याच्या खात्यात एक रुपयाही टाकू नये, आणि जाहिरात खरी आहे का, हे बँकेच्या शाखेत जाऊन विचारावे.

आदिवासी खातेदाराची नोंद, वनाची नोंद, रस्ता नसलेला गट, अविभक्त हिस्सा किंवा मालकीवरच चालू असलेला दावा यांपैकी एकही गोष्ट आढळली आणि तिचे लेखी समाधान लिलावाच्या तारखेआधी मिळाले नाही, तर माघार घेणेच शहाणपणाचे. तोवर गेलेले असतात दीडशे रुपये आणि एसटीचे तिकीट. बोली लावल्यानंतर तीच गोष्ट कळली तर जातात किमतीचे २५ टक्के.